नंदीचा उजवा कान

मु. पो. नेकनूर
(शिवरात्रीला फक्त बारा दिवस राहिलेत)

जावईबापू विश्वेश्वरराव यांना सासरे रुद्रप्पा यांचा शरणार्थ.

तुम्ही आणि आमची लेक ईश्वरी खुशाल असाल, पुण्याचं पाणी तिला मानवलं असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत विचारू नका. (ती कुणामुळं बिघडली ते पुढं येईलच.) फोनवरच बोललो असतो, पण तुम्हाला जरा कुठं बोलायला लागलो की तुमच्या सासूबाई समोर उभ्या राहून डोळे वटारतात. जावयाला कुणी रागं भरतं का, म्हणतात. पत्रापुढं मात्र मंजुळाबाईंचं काही चालत नाही, कारण त्यांचा चष्मा मोडलाय.

तर, आपल्या देवळातल्या नंदीला पितळी पत्र्याचं कवच करायचं काम गावानं मला दिलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. समोरच्या पिंडीचं कवच आमच्या अप्पांनी चाळीस वर्षांमागं ठोकलेलं. त्यावर आजही एक सुरकुती दाखवा, दुकानाला कुलूप लावतो. आता त्याच्याच समोर माझा नंदी बसणार, आणि शिवरात्रीला अख्खं गाव एकदा इकडं बघणार, एकदा तिकडं बघणार. बाप कसा होता आणि लेक कसा निघाला, हे त्या दिवशी ठरणार. म्हणून मी आपली जुनी रीत धरणार होतो. वर्तमानपत्र भिजवून दगडावर चिकटवायचं, वाळलं की कापून उलगडायचं आणि पत्र्यावर ठेवून आखायचं. पण संक्रांतीला तुम्ही आलात आणि म्हणालात, मामा, कशाला एवढा कुटाणा, मी मोबाईलवर चहूबाजूंनी फोटो घेतो, कॉम्प्युटरवर नंदी उभा करतो आणि तोच उलगडून सपाट कागदावर पाठवतो. मी नको म्हणायच्या आत मंजुळाबाई हो म्हणाल्या. (आमच्या घरात हो म्हणायचं खातं त्यांच्याकडंच आहे.)

एसटीनं तुमचं पार्सल आलं. एक्केचाळीस तुकडे, प्रत्येकावर नंबर! शिंगं आणि पाय मुकाट्यानं जमले. ती गोल असली तरी सरळ उलगडतात. पण वशिंडाच्या तुम्ही सहा फोडी केल्यात, टरबूज कापावं तशा. अहो, फुगलेली भाकरी दाबून सपाट करायला गेलं तर फाटते, हे आमच्या बायकांना कॉलेजात न जाता कळतं. शेवटी पितळ तापवून, वाळूच्या पिशवीवर ठोकून ठोकून मी ते वशिंड बसवलं. माझा उजवा खांदा अजून वर जात नाही.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण तुकडा नंबर सत्तावीस, उजवा कान! डावा कान तळहाताएवढा आणि उजवा सुपाएवढा, वर त्याला एक मोठं टेंगूळ आणि टेंगळामागं आणखी एक बारकं टेंगूळ. मी म्हटलं, हे काहीतरी चुकलंय. मंजुळाबाई म्हणाल्या, शिकलेल्या माणसाच्या कामात खोट काढू नका, कॉम्प्युटर काय येडा हाय का? मग तीन दिवस, विश्वेश्वरराव, तीन दिवस मी ती टेंगळं घडवत बसलो. जीव ओतून घडवली.

काल गावकऱ्यांसमोर कवच चढवून बघितलं. सगळं चपखल बसलं, फक्त उजव्या कानाशी ते गाठोडं अधांतरी. सटवा गुरव नंदीला दोन फेऱ्या मारून आला, मान तिरकी करून न्याहाळलं आणि म्हणाला, "रुद्रप्पा, ह्यो तर वैनीचा अंबाडा हाय बे!"

हसून हसून माणसं पायरीवर बसली. मला मात्र तेव्हा आठवलं. तुम्ही नंदीभोवती मोबाईल फिरवत होतात, तेव्हा तुमच्या सासूबाई नंदीच्या कानाला लागून मागणं सांगत होत्या. कानाला लागलेल्या माणसाला उठवायचं नसतं, मागणं अर्धं राहतं. म्हणून तुम्ही गप्प, मीही गप्प. घरात दोन मिनिटं एका जागी न बसणारी बाई तिथं फोटो निघेस्तोवर हलली नाही, आणि तुमच्या कॉम्प्युटरनं तिला दगडात धरलं! आता मला बाजारातून जायची सोय राहिली नाही. पप्पू चहावाला विचारतो, मामा, आमच्या मंडळींचाबी एखादा करता का?

तरी कृपा करून उजव्या कानाचा नवा कागद पहिल्या गाडीनं पाठवावा. त्यात नंदी असावा आणि माझी बायको नसावी.

आपला,
रुद्रप्पा

ता. क. मध्ये तुमचा फोन आला होता खरा. मामा, उजव्या कानाशी काहीतरी जास्तीचं दिसतंय, काढून टाकू का, असं तुम्ही विचारलं होतं. आणि आमच्या नंदीत खोट काढू नका, जसं दिसतंय तसं द्या, असं मीच खेकसलो होतो. हे ईश्वरीला कळलं नाही तर बरं.

आणखी एक. एवढा वेळ नंदीजवळ काय मागत होतीस, असं आज मंजुळाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "लेकीच्या लग्नाला तीन वर्सं झाली, तुमी आन जावई धा शब्द बोलला न्हाईत. एकदा तरी दोघांचा हात एका कामाला लागू दे, एवढंच मागितलं." कागद पाठवू नका. ईश्वरीला घेऊन तुम्हीच या. कान दोघं मिळून करू. भिजलेला कागद कसा चिकटवायचा ते दाखवतो.

आणि शेवटचं. सटवा म्हणाला, तो तुकडा मोडीत घाल. मी घातला नाही. सकाळी मंजुळाबाई गहू निवडत बसल्या होत्या, तेव्हा मागून जाऊन तो त्यांच्या डोक्याला लावून बघितला. सुईच्या टोकाएवढासुद्धा फरक नाही. माप लई खरं काढता हो तुम्ही.