खिशाच्या आतलं नाव

३ नोव्हेंबर
नोकरी लागली! उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये कैलासशेठचा जीन्सचा कारखाना आहे. खाली शिलाई मशिनं आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. ऑर्डर घेणारी वेबसाइट मी सांभाळायची. बेलवलीहून एवढ्या लांब कशाला, म्हणून आई कुरकुरली, पण डबा तिनेच भरला. आमची स्वप्नाली कॉम्प्युटरवर बसते, असं एव्हाना सगळ्या बिल्डिंगला कळलं असणार. कटिंग मास्तर सुदामकाकांनी चहा पाजला. गंमत म्हणून मी त्यांना एक खिसा शिवून दाखवला. आईच्या मशिनवर हात बसलाय माझा.

४ नोव्हेंबर
नव्या मालाचे फोटो चढवले, तरी पानावर जुनाच फोटो. जीन्स घातलेली एक हसरी मुलगी. काकांना दाखवला तर त्यांचा चेहरा उजळला. ती त्यांची मुलगी, श्रद्धा. माझ्या आधी याच खुर्चीवर बसायची, आता अंबरनाथला कामाला आहे. ब्राउझर जुनी पानं साठवून ठेवतो, त्या साठ्याला कॅशे म्हणतात, त्यामुळे असं होतं. शेठ म्हणाले, "कॅशे उडव ना, सब ठीक होतं." उडवली. फोटो गेला.

५ नोव्हेंबर
मॉडेल परवडत नाही म्हणून सकाळी जीन्स घालून मीच उभी राहिले. माझा फोटो साइटवर झळकला. जेवताना काकांना विचारलं, श्रद्धाताई कशी आहे? म्हणाले, "कोण श्रद्धा? मला दोन पोरगेच." मस्करी वाटली. मग त्यांच्या मोबाइलवर घरच्यांचा फोटो पाहिला. दोन मुलांच्या मधे एका माणसाची जागा रिकामी आहे. काकांचा हात तिथे हवेतच, खांद्यावर ठेवावा तसा. मी डबा तसाच झाकून ठेवला.

६ नोव्हेंबर
शेठना माझा फोटो बदलायचाय. नवा चढवला, पण पानावरून मी हलत नाही. कॅशे उडव म्हणाले. मी तोंडावर नाही म्हटलं. नोकरी गेली तर गेली. कारण सांगितलं तर हसले. श्रद्धा त्यांनाही आठवत नाही. मला तरी तिचा चेहरा कुठे आठवतोय? डायरीतली मागची पानं माझ्या अक्षरात आहेत, म्हणून विश्वास ठेवते.

७ नोव्हेंबर
मी डबा खात होते तेव्हा शेठनी स्वतःच कॅशे उडवली. मग वळून मला विचारलं, कोण तुम्ही, कोणाकडे आलात?
आईला फोन लावला. "राँग नंबर, बाई. मला एकच मुलगा, सुजित." किती शांतपणे म्हणाली.
रस्त्यात बसून रडले. मग डोकं फिरलं. आई माझी आहे — अशी सोडणार नाही.

८ नोव्हेंबर
इथे कारखान्यात मला बघतात आणि लगेच विसरतात. बरंच झालं, कोणी उठवत नाही. कोपऱ्यातलं मशिन धरलंय. प्रत्येक जीन्सच्या उजव्या खिशात, आतून, लाल दोऱ्याने दोन नावं शिवतेय — श्रद्धा. स्वप्नाली. उडवा म्हणावं आता.
काकांनी एक खिसा उलटा केला. श्रद्धाच्या नावावर अंगठा फिरवत राहिले. मग पुटपुटले, "माझी — माझी पोरगी ना ही?"

९ नोव्हेंबर
म्हणजे चालतंय. एक जीन्स सुजितसाठी बेलवलीला पाठवतेय — आई कपडे धुताना खिसे उलटे करतेच —
माझ्या बोटांतून पलीकडचं कापड दिसतंय. दिसू दे. गठ्ठा अजून बाकी आहे —
तुम्हीही उलटा करा. उजवा खिसा. नाव मोठ्याने वाचा. स्वप्ना—