चार नंबरचे दिवस

१० जानेवारी १९३८, सोमवार. वलवण.
डॉक्टरसाहेब महिनाभरासाठी मुंबईला गेले. लॅबोरेटरी, सतरा ससे आणि त्यांना गवत घालणारी झुंबरबाई, सगळं आता माझ्या ताब्यात. चार नंबरच्या सशिणीचा गर्भ दर वेळी पडतो. या वेळी १ तारखेला नर दाखवलाय. गर्भ टिकावा म्हणून रोज हॉर्मोनचं इंजेक्शन. साहेबांनी लिहून ठेवलंय: अठ्ठाविसाव्या दिवसानंतर बंद, एकतिसाव्याला वीण.
निश्चय: पाचला उठणे. तपकीर बंद.

१४ जानेवारी. संक्रांत.
सातला उठलो, सण होता. तपकीर फक्त जेवणानंतर. घरी बायकोला, शैलेला, तिसरा महिना लागला. मागची दोन्ही तिसऱ्यातच गेली. म्हणते, मला तळेगावला आईकडे पाठवा. म्हटलं, थांब, औषध सिद्ध होऊ दे. तसा प्रयोगाचा आणि तिचा काही संबंध नाही.

२० जानेवारी.
चार नंबरचा गर्भ टिकला. इतके दिवस कधीच टिकला नव्हता. इंग्रजी पेपरचं टायटल ठरवलं. साहेबांचं नाव दुसरं घालीन. शैलेलाही याच हॉर्मोनच्या कुप्या सुरू करणार, ६ फेब्रुवारीपासून. साहेबांची वाट बघण्यात अर्थ नाही, ते विचार फार करतात.

३० जानेवारी.
एकोणतिसावा दिवस. तरी इंजेक्शन दिलं. ज्याने टिकवलं तेच ऐन वेळी काढून घ्यायचं, हे मला पटत नाही. पोटात आहे तोवर सुखरूप.

२ फेब्रुवारी. दुपारी.
झुंबरबाई म्हणाली, भाऊ, तिचं दिवस भरल्यात, सुई बंद करा. अंगावर काटा आला. वडील अंथरुणावर असताना शेजारी हेच बोलले होते, चौथ्या दिवशी वडील गेले. तिला बजावलं, लॅबोरेटरीत अभद्र बोलायचं नाही. म्हणते, अभद्र कशाचं, बाळंत व्हायची येळ झाली म्हनले, माजी सा बाळंतपणं झाल्यात. अडाणी बाई. डोस दीडपट केला.

४ फेब्रुवारी.
चार नंबर खात नाही. विश्रांती घेत असावी. पेपरमध्ये ‘अपूर्व यश’ लिहिलं, मग ‘अपूर्व’ खोडून ‘उल्लेखनीय’ केलं. नम्रता बरी. तपकीर चार वेळा.

५ फेब्रुवारी. सकाळी.
चार नंबर पिंजऱ्यात मेलेली. पोट उघडलं. सात पिल्लं, सगळी मेलेली. पूर्ण वाढलेली. केस होते, नखं होती. दोन-तीन दिवसांपूर्वीच गेली असावीत.
झुंबरबाईने मागे खड्डा खणला. मला काही वाटलं नाही. हात धुतले. नोंदवहीत लिहिलं, कारण अज्ञात. जेवलो.

६ फेब्रुवारी, रविवार.
चहा झाल्यावर शैलेने पदर बाजूला करून दंड पुढे केला. म्हणाली, आजपासून ना? आईला तिने कळवूनही टाकलंय, न्यायला कुणी येऊ नका, इकडे औषध मिळणार आहे.
म्हटलं, कुप्या संपल्या. कपाटात अकरा आहेत.
मग मी काय करू, म्हणाली. म्हटलं, पडून राहा. लगेच जाऊन पडली. किती विश्वास माझ्यावर.
दुपारपर्यंत तिथेच बसून होतो. मला भीती वाटते.