पेशीतला भाडेकरू

प्रिय भाडेकरू,

पत्र बघून दचकू नका. मी ठणठणीत आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि घे, आईशी बोल म्हणून मोकळे होता. पत्राच्या बाबतीत ती सोय नाही. तेव्हा हातांना लागलेलं मशीनचं तेल पुसा, चष्मा लावा आणि निवांत बसा. आई खांद्यावरून डोकावत असेल तर तिला सांगा की पत्र तिला नाही. फुगू दे थोडा वेळ.

बातमी अशी, की माझा प्रबंध मान्य झाला. पुढच्या महिन्यात तो सगळ्यांसमोर मांडायचा, परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, की झाले मी डॉक्टर. सुई टोचणारी नव्हे, नुसतीच. शेजारच्या काकूंना हे तुम्हीच समजावून सांगा, त्या गुडघे दाखवायला टपूनच बसल्या असतील.

पाच वर्षं मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून नेमकं काय करते, हे आईने एकदा विचारलं आणि माझ्या दुसऱ्या वाक्याला तिला जांभई आली. तुम्ही विचारलंच नाहीत. म्हणून आज न विचारता सांगते. आपल्या बहुतेक पेशींमध्ये शेकडो बारीक दाणे असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, आम्ही मायटोकॉन्ड्रिया म्हणतो. पेशी चालते ती मुख्यतः त्यांनी तयार केलेल्या ऊर्जेवर. पण खरी गंमत अशी, की हे दाणे मूळचे घरचे नव्हेतच. फार फार पूर्वी ते स्वतंत्र जंतू होते. कधीतरी दुसऱ्या एका पेशीत शिरले आणि राहिले ते राहिलेच. स्वतःची थोडीशी जनुकं अजून वेगळी बांधून ठेवली आहेत त्यांनी. सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा मी इतकी मोठ्यांदा हसले की त्यांनी मला उभं केलं. काय सांगणार त्यांना? मला तुमची ती हिरवी पत्र्याची ट्रंक आठवली होती. इतकी वर्षं झाली, आई कपाटात जागा करून देते आणि तुमचे कपडे आपले ट्रंकेतच.

मी आठ वर्षांची होते. पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आईचं शिलाई मशीन अडलं म्हणून तुम्ही दुरुस्तीला आलात, आणि जाता जाता वरची खोली भाड्याने द्यायची आहे का, असं विचारलंत. ती खोली माझ्या बाहुल्यांची होती. बाहुल्या खाली आल्या, तुम्ही वर गेलात, आणि मी युद्ध पुकारलं. तुम्ही जिन्याकडे वळलात की मी दार धाडकन लावायचे. तुम्ही हसलात की जीभ काढायचे. तुम्ही मात्र रोज तितकंच हसायचात. त्याचा तर मला जास्तच राग यायचा.

मग तो तापाचा आठवडा. आईकडे दोनशे गणवेशांची ऑर्डर होती, आणि मला नुसती सर्दी झालीय असं ती समजून चालली होती. सकाळी तुम्ही तेलाची बुधली न्यायला आलात. मी दार उघडलं आणि म्हणाले, या ना, बसा. तुम्ही बुधली तिथेच ठेवलीत आणि आईला सांगितलंत, की पोर आज माझ्याशी नीट बोलली, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. आई हसली. तुम्ही हसला नाहीत. मला पाठुंगळी घेतलंत आणि निघालात. न्यूमोनिया निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं. हे सगळं मला आईने नंतर सांगितलं. मला आठवतो तो फक्त तुमच्या सदऱ्याचा तेलकट वास.

आता माझं काम ऐका. विषाणू पेशीत शिरला की त्याची चाहूल लागलेले रेणू निरोप घेऊन धावतात ते याच दाण्यांकडे. दाण्यांच्या पाठीवर निरोप गोळा होतो आणि तिथून सगळीकडे हाकाटी होते. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत तर हे दाणे उठून गिळलेल्या जंतूजवळ जातात आणि त्याला मारायला जहाल ऑक्सिजन पुरवतात. मी दाण्यांना हिरवा रंग देते, जंतूंना लाल. हिरवे ठिपके लालकडे सरकताना पहिल्यांदा दिसले त्या दुपारी मी एकटीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. झाडलोट करणारे मामा दारातून बघून गेले.

माझा प्रबंध मात्र शरीराच्या एका चुकीवर आहे. पेशी जखमी होऊन फुटली की हे दाणे रक्तात सांडतात. मग शरीराला त्यांच्यावरची ती जुनी, जंतूसारखी खूण दिसते आणि ते आपल्याच दाण्यांवर तुटून पडतं. ताप येतो, सूज येते, आणि जंतू कधीकधी एकही नसतो. हे लिहिताना मला सारखा सातवीतला तो फॉर्म आठवायचा. तुमचं आणि आईचं लग्न होऊन महिना झाला होता. पालकाचं नाव, त्यापुढे नातं. मी नात्याच्या रकान्यात ठळक अक्षरात भाडेकरू लिहिलं आणि मुद्दाम तुमच्याकडेच सहीला आणलं. तुम्ही वाचलंत, खिशातलं पेन काढलंत आणि सही केलीत. सुंदर, वळणदार सही. त्यानंतर माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या कार्डावर तुम्ही तेच नाव लिहीत आलात, आणि आपण दोघं त्यावर हसत आलो. मला त्या फॉर्मची लाज वाटते, हे मात्र मी कधी म्हणाले नाही. आज म्हणते.

काल आईचा फोन आला. प्रबंध मांडायच्या दिवशी पहिल्या रांगेत आईवडिलांसाठी दोन खुर्च्या असतात हे ऐकून तुम्ही म्हणालात म्हणे, की मी मागे बसेन, पुढच्या खुर्चीवर तिच्या पप्पांचा फोटो ठेवा. ऐकून मी रडले, आणि मग मला हसू आलं. पप्पा माझ्या पर्समध्ये असतील, त्यांना खुर्ची लागत नाही. इथेही एक फॉर्म भरायचा होता. पाहुण्याचं नाव, त्यापुढे नातं. तिथे मी आज वडील असं लिहून, सही करून, देऊन आले. आता एकच राहिलं. आई म्हणते, मी तुम्हाला तुम्ही म्हणते तो मान आहे. मान कसला? आईला मी तू म्हणते, आपल्या घरात तुम्ही फक्त पाहुण्यांना म्हणतात. वीस वर्षं मी आतून कडी लावून बसले होते. ती आज काढली. निळ्या सदऱ्याला इस्त्री कर. ट्रंकेतून काढ आणि परत ट्रंकेतच ठेव, मला ती ट्रंक तिथेच हवी आहे. बाबा, तू ये. पुढे बस. बोलता बोलता मी घाबरले तर तुझ्याकडे बघून जीभ काढीन, तू तितकंच हस.

तुझीच,
दार लावणारी