पाळण्याशेजारची माझी खुर्ची

सूनबाई,

काल तू माझ्या तोंडावर दार आपटलंस. या घरात असलं कुणी केलेलं नाही. असो. तुम्ही दोघं मायलेकरं झोपलायत, म्हणून लिहून ठेवते.

बाळाचं डोकं उजवीकडे चपटं झालंय ते तुझ्यामुळे नाही. पाळण्याच्या उजव्या अंगाला माझी खुर्ची, आणि माझी टकळी दिवसभर चालू. लेकरू बिचारं माझ्याकडेच मान वळवून पडतं. सकाळी खुर्ची डावीकडे नेली, तर तेही डावीकडे बघायला लागलं. आता खुर्ची रोज हलवत जाईन.

दूध प्यायल्यावर खांद्याशी उभं धरा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तुझी पाठ वळली की मी त्याला लगेच आडवं करायची, आणि ते ओकलं की तुझ्या दुधाला नावं ठेवायची.

तुझ्या हाताला वळण नाही, असं मी तुझ्या आईपुढे बोलले. म्हणून तिच्याकडेच चाललेय. असलं फोनवर सांगायचं नसतं. चहाला हात लावायच्या आधी सांगेन, विहीणबाई, चुकलं ते माझं.

आणि घरी आले की तुलाही तोंडावर सांगेन: बाई, तू आई चांगली आहेस, सासू तेवढी तुला खाष्ट मिळाली.