प्लंबर छतावर आहे तोवर दुरुस्तीची परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. दुरुस्ती परवानगी अधिकारी,
निवासी इमारती विभाग,
प्रभाग कार्यालय.

विषय : जोडघराच्या सामाईक पन्हळीच्या दुरुस्तीस आजच परवानगी मिळण्याबाबत, तसेच जप्त केलेल्या शिडीबाबत.

संदर्भ : १) माझा मागील अर्ज, ज्यावर 'तक्रार नाही' असा शेरा मारून तो बंद करण्यात आला.
२) आपल्या पथकाची आज सकाळची भेट.

महोदय,

मी खाली सही करणारी गृहिणी, जोडघराच्या डाव्या भागात सासूबाईंसह राहते. यजमान नोकरीनिमित्त परगावी असतात. आमचं आणि शेजारचं पत्र्याचं छत जिथे एकमेकांना मिळतं, तिथे मधोमध एक पन्हळ आहे. दोन्ही छपरांवरचं पाणी तिच्यात उतरून उभ्या पाइपाने खाली जावं अशी रचना आहे. सध्या ते सासूबाईंच्या पलंगावर येतं. शेजारचं घर बरेच दिवस बंद आहे. पन्हळ सामाईक असल्यामुळे आपल्या कार्यालयाच्या परवानगीवाचून तिला कोणी हात लावायचा नाही, हा नियम मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे.

सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं आहे. त्यांचा वरखाली होणारा पलंग खोलीतच आणून जोडला, तो आता दारातून बाहेर निघत नाही. त्यांना उचलून हलवायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. पलंग सरकेल तितका सरकवून झाला, पुढे भिंत आहे. त्यांच्या बरोबर डोक्यावर छताखालचं प्लायवूड भिजून फुगलं आहे आणि मधोमध पोट काढून खाली आलं आहे. सासूबाई त्याला 'आठवा महिना' म्हणतात. मी उशाला छत्री बांधली आहे. छत्रीने पाणी अडतं. प्लायवूड अडेल असं मला वाटत नाही.

योग्य माणसाला योग्य वेळी का बोलावलं नाही, असं आपण विचाराल. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग दिसला, तेव्हा मी तो साबणाने पुसला. पुन्हा आला, तेव्हा वरून रंग दिला. पन्हळ काठावरून सांडू लागली, तेव्हा आमच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने खालूनच मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, मी नळाचा माणूस. मोरीत काही तुंबलं असेल तर सांगा. वरचं काम छताच्या प्लंबरचं." पत्रे, पन्हळी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा बघणारा प्लंबर वेगळा असतो हे मला तेव्हा कळलं. आता जे दादा माझ्या छतावर आहेत, ते म्हणाले, "ताई, डाग दिसला त्याच आठवड्यात बोलवायचं असतं. पाणी थेंबथेंब पडायला लागलं म्हणजे वर कधीचंच सडलेलं असतं." हे आपल्या कार्यालयाने घरमालकांना आधीच कळवलं, तर माझ्यासारख्या पुष्कळ जणींचा रंग वाचेल.

माझ्या मागील अर्जावरून निरीक्षक साहेब पाहणीला आले ते सकाळी. सासूबाईंचा पाय बरा व्हावा म्हणून मी सूर्य उगवल्यापासून दुपारपर्यंत मौन धरते. त्या वेळात लिहितही नाही. साहेबांनी विचारलं, "काय त्रास आहे, बाई?" माझ्या एका हातात जपमाळ होती. दुसऱ्या हाताने मी वर बोट केलं. साहेबांनी वर न बघता माझ्या माळेकडे बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "खरं आहे. त्याच्यावरच सोडायचं." मी घाईने दोन्ही हात जोडून विनवलं, तर त्यांनीही हात जोडले. सासूबाई आतून ओरडत होत्या, "अहो, ती छत दाखवतेय, छत!" पण रस्त्यावर कसलासा ट्रक होता. साहेब जमिनीवरच्या बादलीला वळसा घालून बाहेर पडले आणि 'अर्जदार समाधानी, तक्रार नाही' असा शेरा दिला. साहेबांबद्दल माझ्या मनात काही नाही. ते भाविक गृहस्थ आहेत.

मौन मोडायचं होतं, असं सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, माझ्या पायासाठी गप्प राहिलीस आणि माझ्या डोक्यावर पाऊस घेतलास." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण धरलेला नेम अर्ध्यावर टाकला आणि पाय बिघडला, तर तेही माझ्याच माथी आलं असतं.

त्याच दिवशी दुपारी मी कार्यालयात आले. लिपिक बाईंनी सांगितलं की बंद झालेलं प्रकरण पुन्हा उघडायचं तर नवीन नुकसान दाखवावं लागतं. फुगलेलं प्लायवूड हे जुनं नुकसान धरलं जातं. मी विचारलं, नवीन म्हणजे कसं? त्या म्हणाल्या, "पडलं की या." मी म्हटलं, पडेल ते सासूबाईंवर पडेल. त्यावर त्या बिचाऱ्या हळूच म्हणाल्या, "नुसतं बघायला परवानगी लागत नाही. छताच्या प्लंबरचा लेखी अभिप्राय जोडा."

म्हणून आज सकाळी छताचे प्लंबर दादा शिडी लावून नुसते बघायला वर चढले. हत्यारांची पिशवी आणि पत्र्याचा तुकडा माप घेण्यासाठी बरोबर होता. ते वर पोचतात तोच आपलं पथक आलं. 'तक्रार नाही' अशा घरावर काम चालू असल्याची कुणीतरी वर्दी दिली होती. मी पुन्हा मौनात. या वेळी वर बोट केलं नाही, पथकातल्या एकाचा हात धरून त्याला आत पलंगापाशी न्यायला निघाले. त्याने हात सोडवून घेतला आणि म्हणाला, "मावशी, चहा नको, ड्यूटीवर आहे." त्यांनी शिडी विनापरवाना कामाचं साहित्य म्हणून गाडीत घातली. दादा वरून ओरडले, "अहो, मी उतरू कसा?" खालून उत्तर आलं, "आदेश साहित्याबद्दल आहे, तुमच्याबद्दल काही नाही." गाडी गेली.

आमच्या छतावर जायला आतून जिना नाही. एका बाजूला शेजारचं बंद घर, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा आहे आणि उडी मारण्याइतकं घर बुटकं नाही. दादांनी स्वतः अग्निशामक दलाला फोन केला. आपल्या कार्यालयाने उतरण्याचं साधन जप्त केलेलं असल्याने आपलं पत्र लागेल, असं तिकडून सांगण्यात आलं. मी दोरीला बादली बांधून चहा आणि जेवणाचा डबा वर पोचवते. डबा रिकामा होऊन येतो, त्याबरोबर टोमणाही येतो. "ताई, संध्याकाळची भाजी जरा तिखट करा, मुक्काम वाढलेला दिसतोय."

अभिप्राय त्यांनी वरूनच लिहून पाठवला तो असा : पन्हळीचा सांधा सडून उघडा पडला आहे, पाइपाच्या तोंडाशी पाचोळ्याचा बोळा बसला आहे. बोळा काढून सांध्यावर नवा पत्रा बसवायला संध्याकाळ होणार नाही. लागणारं सगळं त्यांच्या पिशवीत आहे. पण परवानगी नसताना ते बोटही लावणार नाहीत. "माझा परवाना गेला तर मला कोण विचारतंय," असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर आहे. अशा रीतीने दुरुस्ती करणारा माणूस, त्याची हत्यारं आणि मोडलेली पन्हळ ही तिन्ही सध्या एकाच जागी आहेत. नसलेली गोष्ट आपल्या टेबलावर आहे. पश्चिमेकडून आभाळ भरून येत आहे.

तरी नम्र विनंती की, परवानगीचा आदेश आजच द्यावा. शिडी मात्र आदेशाच्या आधी पाठवू नये. दादांनी मला स्वच्छ सांगितलं आहे, "एकदा खाली उतरलो की या गल्लीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही." दुसरे छताचे प्लंबर फोनवर 'पथक' हा शब्द ऐकूनच नाही म्हणाले. हे उतरले, तर सासूबाईंच्या डोक्यावरचं ते तसंच राहील.

अर्जात काही लपवू नये म्हणून आणखी एक कळवते. माझं मौन सुटल्यावर समोरचे काका त्यांची घडीची शिडी खांद्यावर घेऊन आले. दादा तेव्हा पलीकडच्या उतारावर सावलीला बसले होते, त्यांनी पाहिलं नाही. मी काकांना भिंतीशी जाऊ दिलं नाही. हळू आवाजात आभार मानले आणि शिडी आत घ्यायला लावली. ती सासूबाईंच्या पलंगाखाली ठेवली आहे. सासूबाईंनी तिच्यावर चादर सोडली आणि म्हणाल्या, "आज खरी माझी सून शोभलीस."

आदेश हाती येताच ती शिडी मी स्वतः भिंतीला लावून देईन.

उत्तर घेऊनच उठेन अशा बेताने आपल्या दाराबाहेर बसलेली,

आपली नम्र,
(सही)
जोडघराची डाव्या भागाची मालकीण

दिनांक : आजचाच, पाऊस सुरू होण्यापूर्वी

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
२) प्लायवूडचा फोटो (छत्रीसह).
३) छताच्या प्लंबरचा अभिप्राय, बादलीतून खाली आलेला. वर टेकायला काही नसल्याने अक्षर वाकडं आहे, कृपया चालवून घ्यावं.