वेंडेलला घरी बोलावताना

ह्यूस्टन
६ नोव्हेंबर

प्रिय वेन,

तुला अनेक आशीर्वाद. तिकडे दुबईत अजून उकडतच असेल. इथे सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं आणि दुपारी काढून टाकावं लागतं. पपा ठीक आहेत. गुडघा धरतो, तरी परवा मी त्यांच्याकडे लेक चार्ल्सला गेले तर शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होते. मी ओरडले, तर म्हणाले, "इतकी वर्षं पडलो नाही. तू ओरडलीस की पडेन."

थँक्सगिव्हिंगला ते ऐंशीचे होतात. तू यावंस असं सगळ्यांना वाटतं. कर्टिसला तर फारच. रोज विचारतो, वेनने तिकीट काढलं का. मी टर्कीत ऑयस्टरचं सारण भरीन. गंबोचा रस्सा पपा करतील, कुणाला पातेल्याजवळ फिरकू देणार नाहीत.

एवढं लिहून मी उठले, घासलेली भांडी पुन्हा घासली आणि परत येऊन बसले. कर्टिस गॅरेजमध्ये आहे. हल्ली तो गाडीत जाऊन बसतो. कुठे जात नाही, नुसता बसतो.

तू मागे विचारलं होतंस, माझा नवरा कर्टिस फोनवर असा तुटक का बोलतो. तुटक नाही रे. काय बोलायचं ते ठरवून बोलतो. शेजारी माणसं बसलेली असतात.

आता सांगतेच. ऑगस्टमध्ये पहाटे दार वाजलं. मला वाटलं पपांचंच काही. दारात फेडरल पोलीस, अंगणभर. घरातले सगळे कॉम्प्युटर नेले, मी रेसिपी बघते तो टॅबलेटसुद्धा. मी झोपायच्या कपड्यांत सोफ्यावर, आणि एक पोरगी माझ्यावर लक्ष ठेवायला उभी. तिने मला पाणी आणून दिलं, माझ्याच घरात.

तू आणि कर्टिस ज्या सल्लागाराला कंपनीतून पैसे पाठवायचात, तो कंत्राट देणाऱ्या देशातल्या तेलमंत्र्याचा मेव्हणा, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. कर्टिस सह्या करायचा, तू मंत्र्याला जेवायला घेऊन जायचास आणि कंत्राट यायचं. तू हे केलंस का, असं मी विचारत नाही. कर्टिसने सांगितलंय. त्याने गुन्हा कबूल केलाय. शिक्षा कमी होईल, पण त्याबदली त्यांना तू हवा आहेस. आणि तू तिकडे आहेस तोवर त्यांचा हात पोचत नाही.

सरकारी वकीलबाई फार हळू बोलतात. म्हणाल्या, "मिसेस ब्रुसार्ड, नेहमी बोलावता तसंच बोलवा. जास्त आग्रह नको." बाहेर पॅसेजमध्ये कर्टिसच्या वकिलाने मला बाजूला घेतलं. भावाला सावध केलंत तर तुम्हीही आत जाल, म्हणाला, आणि कर्टिसशी झालेलं सगळं मोडेल.

मी कर्टिसला म्हटलं, तो माझा भाऊ आहे. तो म्हणाला, "मी म्हातारा होऊन बाहेर आलो असतो, नॅडीन. तू थांबली असतीस?" मी हो म्हटलं. त्याला ते पटलं नाही. मलाही नीट पटलं नाही.

वेन, मी इतकी कधी घाबरले नव्हते. पार्सलवाला आला तरी दार उघडत नाही. रस्त्यात गाडी हळू झाली की मी पडद्यामागे जाते. पपांकडेही आवाज बारीक करून बोलते. ते विचारतात, घसा बसलाय का.

येऊ नकोस, असं मी लिहीत नाहीये. ये, असंही नाही. विमानाच्या दारात पोलीस उभे असतील, एवढंच लिहितेय. हे पत्र पपांकडे जाताना ब्यूमॉन्टला टाकेन, इथल्या पोस्टात नाही. वाचून जाळ. फोनवर यातलं अक्षर काढू नकोस.

पडद्यामागे उभी असलेली,
नॅडी


ह्यूस्टन
२० फेब्रुवारी

प्रिय वेन,

हे तुझ्या हाती येण्याआधी तुरुंगातलं कुणीतरी उघडून वाचेल. त्यांनाही नमस्कार. तुला लोकरीचे मोजे पाठवले होते, परत आले. आत काहीच पाठवता येत नाही म्हणे.

पपांना टीव्हीवरच कळलं. विमानातून उतरताच तुला धरलं, हे त्यांनी उभ्याने पाहिलं आणि टीव्ही बंद केला. मला विचारलं, "कुणाला मारलं का त्याने?" मी समजावून सांगितलं, तिथल्या मोठ्या साहेबाला पैसे चारले म्हणजे कंत्राट मिळतं. पपा गंबो ढवळायला गेले. मग म्हणाले, "पण तेल तिथल्या लोकांचं ना? त्यांना काय मिळालं?" तू घरी आलास की तुलाच विचारतील, तयारीत राहा.

निघण्याआधी तुझा फोन आला, तेव्हा आमच्या टेबलाशी कर्टिसशेजारी बसणारे ते दोन पाहुणे होते. तू म्हणालास, "नॅडी, तू विमानतळावर येऊ नकोस. पपांनाही आणू नकोस. गारठा असेल, मी टॅक्सी करून येतो." त्या दिवशी इथे लोक अर्ध्या बाह्यांत हिंडत होते. मी नुसतं बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर कर्टिस म्हणाला, त्याला काही कळलेलं दिसत नाही. मी म्हटलं, नाही.

कर्टिस आणि मी एका घरात आहोत. वीजबिल, नळ, असलं बोलतो. मेमध्ये त्याची शिक्षा ठरेल.

जानेवारीत सरकारी वकीलबाईंनी माझं नाव साक्षीदारांत घातलं. नोव्हेंबरात मी तुला काय काय लिहिलं, हे त्यांना शपथेवर विचारायचं होतं. तेव्हापासून आंघोळीला गेले की नळ सोडून उत्तरं म्हणून बघायची.

काल तुझे वकील भेटले. म्हणाले, खटला लढला असता तर सुटायची थोडी आशा होती, त्यांनी तुला तसं सांगितलंही होतं. पण साक्षीदारांची नावं दाखवली तेव्हा तू एका नावाशी थांबलास, कागद परत दिलास आणि म्हणालास, "गुन्हा कबूल आहे. खटला नको."

आता कुणालाच साक्षीला बोलावणार नाहीत. तरी गाडी हळू झाली की मी अजून पडद्यामागे जाते.

पपा रविवारी तुला भेटायला येतील. मी गाडी चालवेन. आत यायचा धीर झाला तर येईन, नाहीतर पार्किंगमध्ये बसेन.

तुझे आभार मानत नाही, वेन. मानायचे तर कशाबद्दल, ते लिहावं लागेल.

अजून बाहेर असलेली,
तुझी बहीण नॅडीन