वारा शून्य, वीज चारशे वॅट

१४ एप्रिल
पोचलो एकदाचा! पौडपासून दीड तास आत, धरणाच्या मागच्या अंगाला एक टेपाड. टेपाडावर बारा मीटरचा खांब, खांबावर आमची तीन पात्यांची नवी पवनचक्की, पायथ्याशी पत्र्याची खोली आणि खोलीत मी. वय एकावन्न, चाचणी अभियंता, भुकूमच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्याचा मिक्सर ऐकून विटलेला. इथे कान धुऊन निघाले. जेवण खालच्या वाडीत, धोंडाबाईंकडे. सहा घरांची वाडी. मुलगा कैलास मजुरीला जातो, सून शुभांगीला आठवा महिना लागेल. भाकरी अशी की आमच्या महाळुंग्याच्या ऑफिसातल्या कँटीनवाल्याला नुसती लांबून दाखवावी.
काम सरळ आहे. चक्की सलग पाचशे तास चालली की प्रमाणपत्र. मध्ये थांबली की मोजणी पुन्हा शून्यापासून. आमचे साहेब ऋषिकेश, वय एकतीस, चक्कीला ‘बेबी’ म्हणतात. बेबीला निदान आवाज कमी आहे.

२३ एप्रिल
पात्यांचा कोन दीड अंश वळवून थरथर घालवली, खुशीत होतो. आणि आज, एकशे अठ्ठ्याण्णव तासांवर, धोंडाबाईंनी खांबाचा ब्रेकचा दांडा ओढून चक्की थांबवली! जाब विचारला तर म्हणे, शेजारच्या बहिरूला दम लागलाय. वाडीत कुणी अंथरूण धरलं की आमी फिरतं काय ठेवत न्हाई. जातं न्हाई, पोरांचा भवरा न्हाई. मी विचारलं, आणि पंखा? तर म्हणाल्या, त्योबी बंद हाय, येऊन बघा की सायेब, का बघायचा पगार येगळा?
खोलीवर येऊन ऑफिसला तिखट मेल ठोकली: दांडा काढून टाका, थांबवायची सोय फक्त ऑफिसातून, फोनवरून ठेवा. ऋषिकेशने अंगठा पाठवला. नोकरीत पहिल्यांदाच माझी सूचना एका दिवसात मंजूर.

२५ एप्रिल
दांडा मुळापासून कापला. दोन दिवस चक्की बंद होती, तेवढ्यात बहिरू उठून बसला. योगायोग. संध्याकाळी सातला पुन्हा सुरू. मोजणी शून्य.

५ मे
पान हलत नाही. वाऱ्याचा मापक शून्य दाखवतो. चक्की फिरते आहे. वीज चारशे वॅट. तारा तपासल्या, बेअरिंग तपासलं, स्वतःचा चष्मा तपासला. ऋषिकेशचं उत्तर: मापक बिघडलाय, नोंदींतल्या त्या ओळी गाळून टाका. मापक कोराकरकरीत आहे. पण आमच्याकडे वारासुद्धा वरून मंजूर होऊन यावा लागतो.
दुपारी बहिरू गेला. म्हातारा होता, दमेकरी होता. असं मी लिहितो आहे.

८ मे
धोंडाबाई वर आल्या. भांडल्या नाहीत. पात्यांकडे बघून म्हणाल्या, वारं न्हाई तवा ह्ये कुनाचं तरी खातंया. मी हसलो. उतरताना त्या तीनदा बसल्या. तीन आठवड्यांपूर्वी माझ्यापुढे चालायच्या.
मग नोंदी उघडल्या. बहिरू गेला तीन वाजून दहा मिनिटांनी. त्या मिनिटाला नऊशे वॅट. पुढच्या मिनिटाला पुन्हा चारशे.
मी हसणं थांबवलं.

११ मे
ऋषिकेशला फोन करून सांगितलं, थांबव. म्हणाला, काका, वारा नसताना वीज! गुंतवणूकदार वेडे होतील, आणि तुम्ही थांबवायचं काय बोलताय? बहिरूचं सांगितलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. लगेच मागोमाग: फक्त शंभर-सव्वाशे तास उरलेत, ऑल द बेस्ट.
वाडीत सगळे बसूनच बोलतात, उभ्याने दम पुरत नाही. पोरं खेळत नाहीत.

१३ मे
तार सोडवली, तर भार गेल्यामुळे चक्की आणखी सुसाट. पुन्हा जोडली. दोर फेकला, पात्यांनी तोडला. खांबावर चढायला गेलो, चौथ्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधार.
खाली गेलो तर धोंडाबाई म्हणाल्या, मगाशी घटकाभर छाती मोकळी झाली बगा, समद्यांचीच. मी खांबाला लटकलो होतो, तेव्हाच.
म्हणजे खांबाला जो अंग लावेल, त्याचा श्वास आधी घेते.
आणि दांडा? तो मी कापायला लावला. मी. शहाणा.

१६ मे, दुपार
शुभांगीला कळा. महिनाभर आधी. कैलास जीप आणायला पौडला गेलाय.
वारा शून्य. सहाशे वॅट.
ऑफिस — फोन उचलत नाहीत. मीटिंग. कसली मीटिंग रे —

मुलगी झाली. निळी. रडत नाही. धोंडाबाई पाठ चोळतायत — पहिलाच श्वास — तिच्या वाट्याचा —
वर चाललोय.

खांबाला पाठ लावून बसलोय. साडेसातशे. घे. माझं घे. एकावन्न वर्षं नुसतं — बोलण्यात घालवलंय, भरपूर —

आठशे.

रडली! खालून — बारीक, पण चिडलेली. शाबास पोरी. असंच —

फोन. ऋषिकेश. पाचशे तास पूर्ण, अभिनंदन काका. म्हणे आता — थांबवायची नाही. हजार तासांचा विक्रम —
ओरडायला हवा नाही. लिहितो.

कैलास, वही मिळाली तर — वाडी सोडा. सगळे. आजच. मी किती पुरेन — पोरीला आधी जीपमध्ये —

आठशे साठ.

आणि ऋषिकेश, तू एक नंबरचा हरा